आरमध्ये पाच फंक्शनं, प्रत्येकाचे पॅरामीटर वेगळे: एकत्र कशी चालवायची?

उभा_धागा | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दर लॉटमधून ४० टॉवेल काढून आम्ही मापं घेतो: लांबी, रुंदी, वजन, जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) आणि धुतल्यावर टॉवेल किती टक्के आटला ते. आधी सगळं एक्सेलमध्ये चालायचं. चार महिन्यांपूर्वी आर (आकडेमोडीची संगणकभाषा) शिकायला घेतलं आणि मला ते मनापासून आवडलंय.

अडचण अशी. प्रत्येक रकान्यावर वेगळं काम करायचंय. जीएसएमची सरासरी हवी, पण दोन्ही टोकांची १० टक्के मापं सोडून. वजनाला प्रमाण विचलन. लांबीला ५ आणि ९५ वा शतमान (पर्सेंटाइल). आटण्याला फक्त कमाल आकडा. त्यात प्रत्येक बायरच्या अटी निराळ्या. एकाला १० टक्के छाट चालते, दुसऱ्याला छाट अजिबात नको, तिसऱ्याला १० आणि ९० वा शतमान हवा.

मी एक मोठं फंक्शन लिहिलं, त्याला तीन ठिपके दिले (म्हणजे बाहेरून येईल ती अट घ्यायची जागा) आणि आत तेच तीन ठिपके मीन (सरासरी), एसडी (प्रमाण विचलन) आणि क्वांटाइल (शतमान) या तिघांनाही पुढे पाठवले. नुसतं एनए.आरएम = ट्रू (रिकाम्या जागा, म्हणजे एनए, गाळा) दिलं की सगळं चालतं. ट्रिम = ०.१ (दोन्हीकडे १० टक्के छाट) दिलं की एसडी म्हणतं, हे आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली अट किंवा डेटा) माझं नाही. प्रॉब्स (कोणते शतमान हवेत ते) दिलं की मीन काहीच बोलत नाही आणि एसडी पुन्हा अडतं. शेवटी कंटाळून प्रत्येक बायरसाठी वेगळी फाइल केली. आता अकरा फाइली झाल्यात. एका ठिकाणी बदल केला की दहा ठिकाणी राहून जातो. मागच्या आठवड्यात असाच एक चुकीचा अहवाल माझ्या हातून जाता जाता राहिला.

वाचायला सोपं जावं म्हणून फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिलीत. उत्तरंही तशीच लिहिलीत तर खात्यातल्या बाकीच्यांना दाखवता येतील.

सात_रस्ता | सोमवार, रात्री १०.२०

ताई, मी तर सरळ पाच ओळी लिहा म्हणेन. मीनची एक, एसडीची एक, क्वांटाइलची एक. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी उघडलं तरी त्याला कळलं पाहिजे. मी स्वतः एका हॉस्पिटलचे आकडे सांभाळतो आणि असंच करतो. एकत्र बांधायच्या नादात कोड असा होतो की लिहिणाऱ्यालाच उलगडत नाही.

उभा_धागा | सोमवार, रात्री १०.३१

पाच ओळींचं मला काहीच वाटत नाही दादा. पण अकरा बायर गुणिले पाच ओळी, आणि अटी दर हंगामाला बदलणार. काम तेच राहतं, बदलतात ते आकडे. ते आकडे कोडच्या पोटात विखुरलेत, हीच खरी भीती आहे.

कंबर_तलाव | सोमवार, रात्री ११.०५

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात. ताईंनी शेवटच्या वाक्यात रोग बरोबर पकडलाय.

तीन ठिपके म्हणजे एकच पिशवी. तुम्ही ती पिशवी तिघांच्या दारात नेऊन रिकामी करताय. प्रत्येकाची पिशवी वेगळी करा. आरमध्ये फंक्शन हीसुद्धा एक वस्तूच आहे. आकडा जसा यादीत ठेवता येतो तसं फंक्शनही ठेवता येतं. म्हणून दोन याद्या करा. पहिलीत कामं:

कामं = लिस्ट(मीन, एसडी, मॅक्स)

दुसरीत त्याच क्रमाने त्यांच्या अटी, आणि प्रत्येक अट स्वतः एक यादी:

अटी = लिस्ट(लिस्ट(ट्रिम = ०.१, एनए.आरएम = ट्रू), लिस्ट(एनए.आरएम = ट्रू), लिस्ट(एनए.आरएम = ट्रू))

मग दोन्ही याद्या जोडीजोडीने चालवायच्या:

मॅप(फंक्शन(फ, अ) डू.कॉल(फ, सी(लिस्ट(माप), अ)), कामं, अटी)

डू.कॉल एवढंच करतं: एक फंक्शन घेतं, एक यादी घेतं आणि यादीतली प्रत्येक गोष्ट त्या फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून देतं. यादीत नाव असेल तर नावाने, नसेल तर जागेने. मॅप पहिल्या फंक्शनला पहिली अट देतं, दुसऱ्याला दुसरी. हे सगळं मूळ आरमध्येच आहे, पॅकेज लागत नाही. पर नावाचं पॅकेज वापरत असाल तर त्यात मॅप२ आणि पीमॅप याच कामाचे आहेत.

तुमच्याकडे रकानाही बदलतो, तेव्हा तिसरी यादी रकान्यांची. मॅप तीन याद्याही घेतं. एसएप्लाय (यादीऐवजी उत्तर आटोपशीर करून देऊ पाहणारं फंक्शन) मुद्दामच सुचवत नाही. क्वांटाइल दोन आकडे देतं, मीन एक देतं, आणि अशा वेळी एसएप्लायच्या उत्तराचा आकार कधी काय होईल ते सांगता येत नाही. मॅप नेहमी यादीच देतं.

विडी_घरकुल | मंगळवार, सकाळी ८.१५

मी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक शंका. तीन ठिपक्यांची एकच पिशवी ठेवून, प्रत्येक फंक्शनला विचारलं की तुला काय काय चालतं, आणि तेवढंच त्याला दिलं तर? फॉर्मल्स(एसडी) केलं तर एक्स आणि एनए.आरएम दिसतं. त्यावरून गाळता येईल. पण फॉर्मल्स(मीन) केलं तर नुसतं एक्स आणि तीन ठिपके येतात. ट्रिम कुठे गेलं? आणि फॉर्मल्स(मॅक्स) तर नल, म्हणजे काहीच नाही, देतं.

निवृत्त_आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२.४०

प्रश्न फार चांगला विचारलास. मी पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. विद्यार्थी इथपर्यंत पोचला की मला समाधान वाटायचं.

मीन हे नुसतं दार आहे. आत शिरल्यावर आर पाहतं, समोर आलेली वस्तू कोणत्या जातीची: साधे आकडे, तारखा की आणखी काही. त्यावरून ते योग्य पद्धत निवडतं. साध्या आकड्यांसाठी मीन.डिफॉल्ट, आणि ट्रिम व एनए.आरएम दोन्ही तिथे राहतात. म्हणून फॉर्मल्स(मीन.डिफॉल्ट) विचारायला हवं. क्वांटाइलचंही तसंच: प्रॉब्स आणि टाइप हे क्वांटाइल.डिफॉल्टचे. मॅक्स, मिन (किमान) आणि सम (बेरीज) आरमध्येच लिहिलेली नाहीत, ती खालच्या थरात सी भाषेत आहेत. त्यांना फॉर्मल्स नल देणार. तिथे फॉर्मल्स(आर्ग्ज(मॅक्स)) असं विचारावं लागतं. ही घडण बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या एस भाषेतून आली. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहिताना तोच वारसा घेतला.

तेव्हा गाळणीची युक्ती काही फंक्शनांवर चालेल, मीनवर फसेल, आणि फसल्याचं कळणारही नाही. गाळणी ट्रिम काढून टाकेल, मीन साधी सरासरी देईल, आकडा दिसायला ठीकच दिसेल. वेगळ्या याद्यांचा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो. कुणाला काय दिलं ते डोळ्यांनी दिसतं.

उभा_धागा ताई, तुमच्या शतमानाबद्दलही सांगतो. बायरच्या अहवालातला आणि तुमचा शतमान कधी जुळत नाही असं होतं का? क्वांटाइलमध्ये टाइप नावाचा पॅरामीटर आहे. १९९६ मध्ये हाइंडमन आणि फॅन यांनी शतमान काढायच्या नऊ रीती एकत्र मांडल्या, आणि आरमध्ये त्या १ ते ९ अशा आहेत. काही न सांगितल्यास आर ७ घेतं, एक्सेलचं पर्सेंटाइल.इंक तेच देतं. मिनिटॅब आणि एसपीएसएस ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर ६ व्या रीतीने काढतात.

पाच टॉवेलांची वजनं घ्या: ४४०, ४४६, ४५०, ४५५, ४७०. यांचा ९० वा शतमान ७ व्या रीतीने ४६४ येतो, ६ व्या रीतीने ४७०. सहा ग्रॅमचा फरक पडला आणि दोघांपैकी कुणाचंच चुकलेलं नाही. म्हणून टाइपसुद्धा अटींच्या यादीत लिहून ठेवा, मग तो ७ असला तरी.

ट्रिमचंही तसंच. याच पाच वजनांवर ट्रिम = ०.१ दिलं तर काहीच छाटलं जात नाही. पाचाचा दहावा भाग अर्धा, आणि आर तो खाली उतरवून शून्य धरतं. उत्तर साध्या सरासरीइतकंच, ४५२.२. ट्रिम = ०.२ दिलं की दोन्ही टोकांचा एकेक जातो आणि ४५०.३३ येतं. चाळीस टॉवेलांवर ०.१ म्हणजे दोन्हीकडचे चार चार.

उभा_धागा | मंगळवार, रात्री १०.१०

सर, बायरशी न जुळणं हेच तर चाललंय! गेल्या दोन महिन्यांत तीनदा फोन झाले. ते मिनिटॅब वापरतात. मी समजत होते की माझी मापंच चुकताहेत, आणि मुलींना पुन्हा पुन्हा मोजायला लावत होते. त्यांची माफी मागायला हवी.

आज आमच्या पेठेत पाण्याचा दिवस, म्हणून उशिरा बसले. कंबर_तलाव यांच्या पद्धतीने आधी फक्त मीन आणि मॅक्स घेतलं. मॅक्स बरोबर आलं. मीन मात्र विचित्र येतंय. सरांचीच पाच वजनं माझ्या क्रमाने दिली: ४४६, ४४०, ४७०, ४५०, ४५५. उत्तर आलं ४४६. ट्रिम बदलून पाहिलं तरी ४४६. चूक दाखवणारा निरोप कुठलाच नाही. आतली ओळ अशी लिहिली आहे: डू.कॉल(फ, सी(माप, अ)).

कंबर_तलाव | मंगळवार, रात्री १०.२५

तुम्ही लिस्ट(माप) ऐवजी नुसतं माप लिहिलंय.

सी(माप, अ) केलं की पाच वजनं सुटी होतात आणि यादीतले पाच वेगळे घटक बनतात. मग डू.कॉल मीनला म्हणतं: पहिलं आर्ग्युमेंट ४४६, दुसरं ४४०, तिसरं ४७०... मीन पहिल्यालाच डेटा धरतं. उरलेली वजनं दुसऱ्या पॅरामीटरच्या जागी जाऊन बसतात किंवा तीन ठिपक्यांत गडप होतात. एका आकड्याची सरासरी तो आकडाच. म्हणून ४४६.

मॅक्सला सुटी मापं चालतात, म्हणून तिथे उत्तर खरं आलं आणि तुमचा विश्वास बसला. एसडी घेतलं असतं तर ते लगेच अडलं असतं. लिस्ट(माप) लिहिलं की पाचही वजनं एका गठ्ठ्यात बांधून पहिल्या जागी जातात. हाताने करून पाहिलेली पाच वजनं जवळ होती म्हणून हे सापडलं. चाळीस टॉवेलांवर कुणाच्या लक्षात आलं नसतं.

शाळू | बुधवार, सकाळी ६.५०

मंगळवेढ्याकडचा आहे. रब्बी ज्वारीच्या नोंदी आणि पाऊस यांवर काम करलालो. मालदांडीचं पीक साठलेल्या ओलीवर येतं, त्यामुळं सप्टेंबरचा पाऊस आमच्यासाठी लई मोलाचा.

माझं एकत्र करणं तुमच्यापेक्षा निराळं आहे. तुमची फंक्शनं शेजारी शेजारी उभी, माझी एकामागं एक. आधी नोंदी साफ करायच्या, मग इंचाचे मिलिमीटर, मग सात दिवसांची सरकती सरासरी, मग गोळाबेरीज. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात, आणि प्रत्येक पायरीला स्वतःची अट. त्याला मी रिड्यूस वापरतो. पायऱ्यांची यादी करायची, प्रत्येक पायरीत फंक्शन आणि त्याच्या अटी:

रिड्यूस(फंक्शन(आतापर्यंत, पायरी) डू.कॉल(पायरी$काम, सी(लिस्ट(आतापर्यंत), पायरी$अटी)), पायऱ्या, कच्च्या_नोंदी)

पायऱ्या ठरलेल्या असतील तर साधा पाइपच (एकाचं उत्तर पुढच्याला देणारं चिन्ह) बरा. आर ४.१.० पासून, म्हणजे २०२१ पासून, तो मूळ आरमध्ये आहे. पायऱ्या गावागणिक बदलत असतील तर मात्र यादी आणि रिड्यूस.

एक खड्डा सांगतो, मी त्यात पडलोय. फॉर लूपमध्ये फंक्शनं बनवून यादीत टाकत होतो: ट्रिम ०, ०.१, ०.२ अशी तीन मीन. तिन्हींनी ०.२ चंच उत्तर दिलं. कारण फंक्शन बनवताना आर ट्रिमचा आकडा आत कोरून ठेवत नाही, चालवायच्या वेळी बघतं, आणि तोवर लूप शेवटाला पोचलेला असतो. त्यासाठी फंक्शन बनवणारं वेगळं फंक्शन लिहायचं आणि त्यात पहिल्याच ओळीला फोर्स(ट्रिम) म्हणायचं. लूपऐवजी एलएप्लायने (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारं) बनवली तर आर ३.२.० पासून हा त्रास नाही.

आणि एनए.आरएम = ट्रू सगळ्यांना सरसकट देऊ नका. पावसाच्या वहीत शून्य म्हणजे पाऊस नाही, रिकामी जागा म्हणजे कुणी मोजलंच नाही. महिन्याची बेरीज करताना रिकाम्या जागा गुपचूप गाळल्या तर दुष्काळ नसताना दुष्काळ दिसतो. ही अट प्रत्येक फंक्शनला वेगळी विचार करून द्यायची गोष्ट आहे.

सात_रस्ता | बुधवार, दुपारी १.३०

पहिल्या दिवशी पाच ओळी लिहा म्हणालो होतो, मत बदललंय. पण वाचणाऱ्याचा मुद्दा सोडत नाही. अटी एका सीएसव्ही तक्त्यात ठेवता येतील का? बायर, रकाना, काम, अट. मग आर न येणाऱ्यालाही बदलता येईल. डू.कॉलला फंक्शनचं नाव अवतरणात दिलं तरी चालतं ना?

कंबर_तलाव | बुधवार, दुपारी २.०५

नाव चालतं. तक्त्याला माझा थोडा विरोध आहे. सीएसव्हीच्या एका चौकटीत प्रॉब्सचे दोन आकडे आले की ते मजकूर होतात, मग तोडा, आकडे करा, मजकुरातल्या ट्रूचं खरं ट्रू करा. त्यापेक्षा अटींची एक वेगळी आर फाइल ठेवा, तिच्यात फक्त याद्या. वरती सर्वसाधारण अटी, खाली प्रत्येक बायरचा फक्त फरक, आणि मॉडिफायलिस्टने दोन्ही जोडा. ते मूळ यादीवर फरक चढवतं. लक्षात ठेवा, फरकात एखाद्या अटीला नल दिलं तर ती अट यादीतूनच निघून जाते.

निवृत्त_आकडेमोड | बुधवार, सायंकाळी ५.१५

अटींच्या नावातली चूक पकडायची सोयही करा. हे मी कळकळीने सांगतो. एनए.आरएम लिहिताना एक अक्षर चुकलं तर एसडी ओरडेल, मीन गिळून टाकेल. आणि मिन, मॅक्स, सम यांचं तर आणखी वाईट: ती चुकलेल्या नावाची किंमतही डेटा समजून घेतात. ट्रू म्हणजे १. वजनांचं मिन काढताना एनए.आरएमचं नाव चुकवलंत तर किमान वजन १ ग्रॅम येईल. समला एक ग्रॅम जास्त येईल, आणि तो एक ग्रॅम आयुष्यभर सापडणार नाही.

उभा_धागा | शुक्रवार, रात्री ९.२०

झालं! अकरा फाइलींच्या दोन झाल्या. एकीत कामं, दुसरीत अटी.

अटींच्या फाइलीत वरती आमच्या नेहमीच्या अटी आहेत: ट्रिम ०.१, प्रॉब्स ०.०५ आणि ०.९५, टाइप ७. खाली प्रत्येक बायरचा फक्त फरक. मिनिटॅबवाल्यांची एकच ओळ आहे, टाइप = ६. मागच्या लॉटचा त्यांचा अहवाल काढून पाहिला, शतमान दशांशापर्यंत जुळला.

शाळू दादांचं वाचून एनए.आरएमवर थांबले. आमच्याकडे वजन रिकामं असतं ते काटा बंद पडला म्हणून, ते गाळायला हरकत नाही. आटण्याचा रकाना रिकामा असतो तेव्हा मात्र टॉवेल धुतलाच गेलेला नसतो. तिथे फॉल्स ठेवलं. आता उत्तर एनए आलं की मी धुलाईला फोन करते.

सरांनी सांगितलं तशी पडताळणीही घातली. प्रत्येक कामाला कोणत्या नावाच्या अटी चालतात त्याची यादी मी हातानेच लिहिली, आणि त्याबाहेरचं नाव आलं की स्टॉपने काम तिथेच थांबतं. सुरुवातीला पाच वजनांवर सगळं चालतं, ट्रिम ०.२ ने मीन ४५०.३३ आणि टाइप ७ ने ९० वा शतमान ४६४ आला तरच पुढे जातं. खात्यातल्या तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणीने तिच्या वहीत हे पाच आकडे लिहून घेतलेत.

एकच राहिलं. मध्येच काही चुकलं की ट्रेसबॅकमध्ये (चूक कुठून आली ते दाखवणाऱ्या यादीत) चाळीसच्या चाळीस मापं आणि अख्खं फंक्शन छापलं जातं. खरा निरोप शोधायला वर सरकत राहावं लागतं.

कंबर_तलाव | शुक्रवार, रात्री ९.४५

डू.कॉल वस्तूच आत भरतं, नाव नाही, म्हणून ते सगळं छापलं जातं. फंक्शन अवतरणातल्या नावाने द्या, निम्मा पसारा जाईल. मापांसाठी लिस्ट(माप) ऐवजी लिस्ट(क्वोट(माप)) करून बघा. मग ट्रेसबॅकमध्ये फक्त माप एवढाच शब्द दिसेल. मात्र माप नावाचं व्हेरिएबल ज्या फंक्शनमधून डू.कॉल होतंय तिथून दिसलं पाहिजे.

विडी_घरकुल | शुक्रवार, रात्री १०.०२

ताई, अटींची फाइल बायरची नावं काढून इथे टाकाल का? आमच्या प्रॅक्टिकलला नेमका हाच भाग आहे.

उभा_धागा | शुक्रवार, रात्री १०.१०

क्वोट चाललं, आता निरोप दोन ओळींत मावतो. फाइल उद्या दुपारच्या सुट्टीत टाकते. बायरच्या जागी क, ख, ग लिहीन.